खानझोडे सरांचा निरोप

फ्रिस्को, टेक्सस
रविवार, ९ जुलै २००६

चि. यतीनास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघंही बरे आहोत. आईच्या गुडघ्यांना नवीन तेलाने उतार पडला असेल अशी आशा करतो. रेखाला सांग, तिने पाठवलेला गोडा मसाला राधिका केशरासारखा पुरवून वापरते आहे. इथे सध्या नागपूरच्या मे महिन्यासारखं ऊन आहे, फक्त लू नाही. अनिका पोहायला शिकली. मराठी बोललेलं सगळं तिला समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

तुझं पत्र मिळून सतरा दिवस झाले. मधे दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आईने घेतला आणि तू ऑफिसला गेलायस असं म्हणाली. खरं सांगायचं तर मी ती वेळ बघूनच फोन केला होता. ईमेल करता आली असती, पण मला मराठी टाइप करता येत नाही, आणि हे इंग्रजीत लिहिलं असतं तर मी वकिलासारखं लिहिलं असतं. म्हणून हे हाताने लिहितोय. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

काल आम्ही बेसबॉलची मॅच बघायला गेलो होतो. ऑफिसमधून तिकिटं मिळाली होती. आमच्या गावात तीन वर्षांपूर्वी एक छोटं, सुरेख मैदान झालंय. इथे खेळते ती टीम मोठ्या लीगमधली नाही, खालच्या लीगमधली. आपल्याकडे रणजीच्या आधी क्लब असतात ना, साधारण तसंच. इथली पोरं रात्रीच्या रात्री बसने या गावाहून त्या गावाला जातात, स्वस्तातल्या हॉटेलांत राहतात आणि वरून बोलावणं येण्याची वाट बघतात. बहुतेकांना ते कधीच येत नाही. तरी लोक मुलाबाळांना घेऊन येतात, पॉपकॉर्न खातात, उजव्या कुंपणापलीकडे चक्क पोहण्याचा तलाव आहे, त्यात डुंबत मॅच बघतात. राधिका आणि अनिका तिकडेच गेल्या. मला ऊन नको होतं म्हणून मी डावीकडच्या सावलीतल्या रांगेत एकटा जाऊन बसलो.

तिथे एक गंमत आहे. बोलरला इथे पिचर म्हणतात. तो टप्पा न पाडता थेट चेंडू फेकतो. मधेच बदली म्हणून येणारे पिचर जिथे हात मोकळा करतात ती जागा इथे प्रेक्षकांच्या रांगांना अगदी खेटून आहे. कठड्यावरून हात लांबवला तर त्यांच्या टोपीला लागेल. त्यांचा श्वास ऐकू येतो. झेलणाऱ्याच्या जाड हातमोज्यात, मिटमध्ये, चेंडू जातो तो आवाज छातीत बसतो.

माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. वयाने माझ्याएवढाच, चाळिशीचा, मानेवर उन्हाने भाजलेल्या लाल घड्या. मांडीवर शाळेतली असते तशी वही, आणि तो प्रत्येक चेंडूची नोंद करत होता. तुला माहीत आहे, वही दिसली की मला राहवत नाही. मी वाकून बघितलं. त्याने ते लगेच ओळखलं आणि मला समजावायला लागला. हा चौकोन म्हणजे चार बेस, धाव पुरी करायला पळत गाठायच्या चार जागा, ही रेघ म्हणजे माणूस इथवर पोचला. मी म्हटलं, "मीही स्कोअरर होतो. क्रिकेटचा." त्याला क्रिकेट माहीत नव्हतं, पण स्कोअरर म्हटल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला. त्याचं नाव वेन. अॅबिलीनकडे पाइप वेल्डिंगचं काम करतो. तीन तास गाडी चालवून आला होता.

"इतक्या लांबून?" मी विचारलं.

त्याने पेन्सिलने कठड्याकडे दाखवलं. "तो बघ, डावखुरा. माझा भाऊ, ट्रॅव्हिस."

यतीन, तुला काय सांगू. उंच, जरा पोक काढून उभा राहणारा, आणि चेंडू सोडताना मनगट असं काही वळायचं की मी वही सोडून तिकडेच बघत राहिलो. तसं मनगट मी एकदाच पाहिलंय. आणि ते पाहिलं त्या पहिल्या दिवसापासून मला ते सहन झालेलं नाही.

हे वाक्य लिहून मी उठलो, चहा करून घेतला, परत आलो. आता खोडत नाही.

माझा नेटमधला शेवटचा दिवस तुला कदाचित आठवतही नसेल. मी अठरा वर्षांचा, तू पंधराचा. तू मला ओळीने तीनदा बोल्ड केलंस. खानझोडे सर सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "संज्या, पॅड काढ बे, तू स्कोअरिंगला बस. तुझं अक्षर चांगलं आहे." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी बसलो. पुढची दोन वर्षं तुझी प्रत्येक विकेट माझ्या चांगल्या अक्षरात लिहिली. मोहल्ल्यात मी मोठा असून लोक मला "यतीनचा भाऊ" म्हणायचे. मला इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाली त्याच सकाळी तुझे एकतीस धावांत सात बळी पेपरात आले. बाबांनी त्या पेपरच्या पाच प्रती आणल्या. माझे पेढे संध्याकाळी आले. कोणी चुकीचं वागलं नव्हतं. पण मी माझ्या वाट्याचा पेढा डब्यात परत ठेवला.

तुला वाटेल हे पोरपणीचं झालं. तसं नाही. बाबा गेले तेव्हा मी इथे व्हिसाच्या कागदांत अडकलो होतो, पोचलो पाचव्या दिवशी. आई सांगत होती, शेवटी बाबांनी तुझा हात धरला होता. मी रडलो ते सगळ्यांनी बघितलं. त्या रडण्यातलं अर्धं कशाचं होतं ते फक्त मला माहीत आहे. मरणाऱ्या बापाच्या हाताचाही मला हेवा वाटला.

तर काल. ट्रॅव्हिस हात मोकळा करत होता आणि मी वेनला विचारलं, तूही खेळायचास का? म्हणाला, हो, मीही पिचरच. "पण तो माझ्यापेक्षा चांगला होता. नऊ वर्षांचा होता तेव्हापासूनच. तेरा वर्षांनी लहान पोरगं, आणि आख्ख्या गावाला ते कळायचं."

मी म्हटलं, "तुला त्रास नाही झाला?" माझा प्रश्न जरा जास्तच जोरात आला असावा, कारण त्याने वहीतून मान वर केली.

"झाला ना," तो म्हणाला. "एक पूर्ण उन्हाळा मी त्याचे चेंडू झेलायला नकार दिला. तो अंगणात एकटाच गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायचा, मी आत टीव्ही लावून बसायचो. मग वडिलांची पाठ धरली. झेलायला दुसरं कोणी उरलं नाही. मग मी झेलले."

एवढंच. पुढे काही नाही. त्याने पेन्सिलला टोक केलं.

तो माणूस मला त्या क्षणी आवडेनासा झाला. त्याला कधी मत्सर वाटलाच नाही असं तो म्हणाला असता तर मी त्याला साधाभोळा समजून सोडून दिलं असतं. पण त्यालाही वाटला होता. माझ्याइतकाच. आणि तरी तो उठून अंगणात गेला होता.

नऊपैकी आठव्या डावात आमची टीम एका धावेने पुढे होती. समोरच्यांचे दोघं बेसवर होते, एकच बाद झाला होता; इथे तिघं बाद झाले की डाव संपतो. ट्रॅव्हिसला बोलावलं. वेन उभा राहिला नाही, ओरडला नाही, फक्त त्याने पेन्सिलचं टोक पुढच्या चौकोनावर टेकवलं. पहिल्या बॅटरला ट्रॅव्हिसने तीन चेंडूंत परत पाठवलं. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. आणि यतीन, मी तुला हे का सांगतोय मला माहीत नाही, पण माझ्या मनात आलं की आता याला मार बसावा. अनोळखी माणूस. माझं त्याने काय वाकडं केलं होतं?

पुढच्याच चेंडूवर मार बसला. चेंडू हिरवळीवर बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे गेला. बेसवरचे दोघं आणि मारणारा, तीन धावा. मागून कोणीतरी ट्रॅव्हिसच्या वयाबद्दल काही बोललं. तो सत्तावीसचा आहे, इथे ते म्हातारपण. वेनने शांतपणे तीन रेघा काढल्या, चौकोन पेन्सिलने भरले. त्याचं अक्षर जरासुद्धा हललं नाही. मग कठड्याकडे झुकून, फार मोठ्याने नाही, म्हणाला, "एक बाद व्हायचाय अजून, ट्रॅव्ह. एकच."

तो एक बाद झाला. मॅच हरले.

खेळ संपल्यावर ट्रॅव्हिस कठड्यापाशी आला. दोघं भाऊ जेवायला कुठे जायचं यावरून वाद घालत होते. वेन म्हणत होता, तू बोट चेंडूवर उशिरा ठेवतोस. ट्रॅव्हिस म्हणत होता, तू तीन तास गाडी चालवून मला हेच सांगायला आलास का? आणि हसत होता. आत्ताच हरलेला, बहुधा पुढच्या वर्षी टीमबाहेर जाणारा माणूस हसत होता. वेन मला म्हणाला, "हा माझा भाऊ. आणि हा सॅम, हाही स्कोअरर आहे." मला इथे सॅम म्हणतात. ट्रॅव्हिसने त्याच डाव्या हाताने माझ्याशी हात मिळवला.

आयुष्यभर मी तुझा हेवा केला. काल पहिल्यांदा तुझ्यासारखा धाकटा समोर असताना मला हेवा वाटला तो त्याच्या थोरल्या भावाचा.

गाडीत अनिका विचारत होती, "बाबा, डिड वुई लूज?" मी रेडिओ लावला. घरी आल्यावर राधिकाने विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला तेरा वर्षं झाली, हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, संजीव? ज्याला सांगायचंय त्याला सांग. आणि त्याच्या मुलीचा कॅम्प जायच्या आत सांग."

तर आता तुझ्या पत्राकडे येतो.

तू लिहिलंस की आपल्या कादंबरीची मुलींच्या क्रिकेटच्या निवड-शिबिरासाठी निवड झाली आहे, तीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे, आणि तू नाही म्हणायचं ठरवलं आहेस. तुझी वाक्यं मला पाठ झालीत. "आपल्या रक्तात क्लब लेव्हलच्या पुढचं काही नाही, हे सरांनी वीस वर्षांपूर्वीच सांगितलंय. मी ते पचवलं. पोरीला कशाला खोटी आशा लावायची? तुझं काय मत, दादा? सरांशी तूच बोलला होतास."

सरांशी मीच बोललो होतो. शहाऐंशीचा नोव्हेंबर. सरांना तुला चार महिने बडोद्याच्या शिबिराला न्यायचं होतं, बारावी एक वर्ष मागे पडणार होती. बाबांची गोंदियाला बदली झालेली, रविवारीच घरी यायचे. त्यांनी मला पाठवलं, "स्पष्ट विचारून ये, पोरात दम आहे का."

सर नेटमागे खुर्ची टाकून बसले होते. ते मला काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहितो. "असं मनगट मी तीस वर्षांत पाहिलं नाही. तुझ्या बाबांना सांग, एक वर्ष मला द्या. नंतर रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा."

मी सायकलवरून परत आलो. बाबा ओसरीत दाढी करत होते. तू आंघोळ करून दारात उभा होतास, केसांतून पाणी गळत होतं. मी म्हटलं, "सर म्हणाले, क्लब लेव्हलला ठीक आहे. पुढचं काही खरं नाही."

बाबांनी आरशातून तुझ्याकडे बघितलं आणि राहिलेली दाढी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो आणि सांगितलं, बाबा नाही म्हणतात, यतीनला त्रास होतोय, त्याच्यापाशी विषय काढू नका. पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. हे दुसरं विचार करून बोललो होतो. तेवढ्यासाठी दोन मैल सायकल मारली होती.

तू विमा कंपनीत लागलास, संसार चांगला केलास, आई-बाबांना सांभाळलंस. मी मनाशी म्हणायचो, बघ, त्याचं चांगलंच झालं. ट्रॅव्हिसकडे बघूनही आधी तेच म्हणालो. खेळत राहिला असता तर असाच सत्ताविसाव्या वर्षी मार खात बसला असता. पण हे ठरवायला मला कोणी नेमलं नव्हतं.

कादंबरीला पाठव. तुझ्या रक्ताबद्दल सर जे बोलले ते वर लिहिलं आहे. क्लब लेव्हलचं जे वाक्य तू वीस वर्षं पचवलंस ते माझं होतं.

माफी मागण्याचं धाडस या पत्रात करत नाही. उद्या सकाळी हे कुरियरने पाठवतोय, म्हणजे मन बदलायला वेळ राहणार नाही.

आईला यातलं सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा मोठा भाऊ म्हणवून घेणारा,
संजीव


नागपूर
रविवार, ६ ऑगस्ट २००६

दादा,

पत्र वीस तारखेला मिळालं. तीन दिवस ते माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होतं. रेखाने विचारलं, जेवत का नाहीस? पोट बिघडलंय म्हणालो.

चौथ्या दिवशी रजा टाकली, कादंबरीची शाळा बुडवली आणि तिला घेऊन एस.टी.ने अमरावतीला गेलो. खानझोडे सर तिथे मुलीकडे असतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने जेमतेम. मला आवाजावरून ओळखलं. मी म्हटलं, सर, शहाऐंशी साली तुम्ही माझ्याबद्दल काय सांगितलं होतं? त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग तू लिहिलंस तेच म्हणाले. मनगटाचं वाक्य जसंच्या तसं. पत्रात तू निदान ते बदललं नाहीस.

मी त्यांना खरं काय झालं ते सांगितलं. सर म्हणाले, "मला वाटलं तुझ्या बाबांनी नको म्हटलं. मीच दारात येऊन विचारायला हवं होतं. माझा मान आड आला." आणि डोळे पुसायला लागले. म्हातारा माणूस माझ्यासमोर रडत होता, दादा, आणि मीच त्यांची समजूत काढत होतो. तो दिवस तू बघायला हवा होतास.

मग त्यांनी विषय तोडला. "पोरगी काय टाकते?" म्हणाले. कादंबरी फिरकी टाकते. त्यांनी तिला गल्लीत उभं केलं, समोर स्टंपच्या जागी पाण्याची बादली ठेवली. वीस-पंचवीस चेंडू टाकायला लावले. दिसत नाही म्हणून टप्प्याचा आवाज ऐकत होते. एकदाच उठले, तिची बोटं हाताने चाचपली आणि शिवणीवर जराशी सरकवली. जाताना मला म्हणाले, "हिच्याबद्दल मी स्वतःच सांगतोय, तुझ्या कानात. निरोप पाठवत नाही." त्यांनी कानात सांगितलं ते माझ्यापाशी राहू दे, पण होकार मी दुसऱ्याच दिवशी कळवला.

परत येताना बसमध्ये कादंबरीने विचारलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "बाबा, काका असं का वागले?" चौदा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? मी म्हटलं, "त्यांनाही खेळायचं होतं." हे मी तिच्यासाठी म्हटलं. तुला माफ केलं असा अर्थ काढू नकोस.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. बाबांच्या हाताची. शेवटच्या दिवशी ते मला काय म्हणत होते ते तुला आईने सांगितलं नसेल, कारण ती पाणी आणायला गेली होती. ते म्हणाले, "यतीन, तुला खेळू दिलं नाही, पण सरांनीच सांगितलं होतं रे." मला समजावत होते ते. मी म्हटलं, बाबा, सर बरोबरच होते. त्या हाताचा तुला हेवा वाटला. त्या हातात काय होतं ते आता तुला कळलं.

तो ट्रॅव्हिस मार खातो म्हणतोस. मीही खाल्ला असता. कदाचित दोन वर्षांत परत येऊन याच विमा कंपनीत बसलो असतो. असेल. पण मग निदान मी हरून परत आलो असतो.

आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

कादंबरी काल शिबिराला गेली. रेखाने डब्यात धपाटे दिले. माझा जुना पांढरा स्वेटर मागत होती, ऑगस्टमध्ये कशाला म्हटलं, तरी घेऊन गेली. घर रिकामं वाटतंय.

तू लिहिलंस ते बरं केलंस. उशिरा केलंस. दोन्ही खरं आहे. दिवाळीला येतो वगैरे म्हणू नकोस, फोन करून माझ्या आवाजाचा अंदाज घेऊ नकोस. तू वीस वर्षं जळलास, ते तुझ्यापुरतं पूर्ण करून घेतलंस. माझा राग आत्ता कुठे सुरू झालाय. तो मला पुरा करू दे. मधे घाई करू नकोस.

यतीन